चेहरा बघू की ओळ वाचू

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेली बाई हमखास एकच विचारते, "ऑपरेशन झाल्यावर दिसायला लागतं ना हो?" मोतीबिंदूवाल्यांना लागतं. पट्टी काढली की त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं आणि त्या हसत घरी जातात. माझा काचबिंदू. ह्यात गेलेलं परत येत नाही. ऑपरेशन करायचं ते उरलेलं टिकावं म्हणून, आणि माझं तेही नीटसं टिकलं नाही. बाकावरच्या बाईला मी हे सांगत नाही, उगाच कशाला तिचा जीव खालीवर करा. पण मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं, म्हणून इथं सांगते. मी बोलते आणि माझी लेक प्राची टाइप करते. मध्येच ती थांबून नाक ओढते. मग मी म्हणते, "तू टाइप कर गो, रडायला मी हाय."

*

देवरूखच्या पुढं आमची गणपतीची शाळा आहे. शाळा म्हणजे मूर्ती करायचा कारखाना, पण कोकणात आम्ही शाळाच म्हणतो. माती भिजवणं, मळणं, साचे, हातपाय जोडणं हे सगळं ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. रंगकाम दोघांचं. आखणी माझी. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आखणी सासरे करायचे. ह्यांच्या हाताला ती बसत नव्हती, ह्यांचा हात मातीचा, जड. सासऱ्यांनी एकदा मला दारात रांगोळी घालताना बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून अंघोळ करून माझ्या शेजारी बसायचं." एवढंच माझं शिक्षण. पहिली दोन वर्षं नुसते ब्रश धुतले आणि रंग घोटला.

आमच्याकडं आखणी सकाळीच करायची, अंघोळ करून आणि पोटात काही न घालता. ती चालू असेपर्यंत शाळेत कुणी बोलायचं नाही. मूर्ती जरा उंचावर ठेवायची आणि आपण खाली बसायचं, कारण पूजेला बसणारा माणूस खालीच बसतो. त्याच्या नजरेला देवाची नजर भिडली पाहिजे. भिडली की म्हणायचं, नजर बसली. हात कितीही चांगला असला तरी दोन बुबुळांत केसभर फरक पडला की देव भिंतीकडं बघतो.

आणि आमचं गिऱ्हाईक बांधलेलं. नागपंचमीच्या आधीपासून घरोघरचे पाट आमच्याकडं यायला लागतात, त्याच पाटावर त्या घरचा गणपती बसतो. पाट ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला. पाट परत पाठवायचा नसतो.

*

माझं दुखणं ओळखलं ते डॉक्टरनं नाही, बापूनं. बापू आमच्याच वाडीतला, मुंबईला असतो, त्याच्या आजापासूनचं गिऱ्हाईक. गौरी-गणपती आटोपून परत जाताना तो आमच्याकडं आला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, "वयनी, राग मानू नको. या वर्षी बाप्पानं आमच्याकडं बघितलंन नाय."

मी फणकारले. म्हटलं, "बल्ब कुठं लावला होतास ते बघ आधी." त्यानं गरीबपणे मोबाइलवरचा फोटो पुढं केला. मी फोन डोळ्यांजवळ धरला. डावा डोळा बघितला, झकास. उजवा बघितला, झकास. पापणीची रेघ एका दमात ओढलेली. "काय वाईट आहे ह्यात?" मी विचारलं. बापू आणि हे एकमेकांकडं बघत राहिले, कारण त्या दोघांना जे दिसत होतं ते मला दिसतच नव्हतं. मला मूर्तीचे दोन्ही डोळे एकदम दिसत नव्हते, आणि दिसत नाहीत हे मला माहीतही नव्हतं.

काचबिंदू कडेकडेनं खात येतो. मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. आणि माझं तर सगळं काम मधलं, ब्रशच्या टोकाएवढी जागा दिसली की माझं भागत होतं. रंगाचं पाणी लवंडायचं, दाराची चौकट खांद्याला लागायची, हे म्हणायचे, "ध्यान कुठाय तुझं?" मी म्हणायचे, कामात. दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं, तर मी म्हणायचे वार्निश डोक्यात चढलंय. तुम्हाला असलं काही होत असेल तर डोळ्याचं प्रेशर बघून घ्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागत नाही, मी दोनदा काढला होता.

*

प्राची रत्नागिरीत नोकरीला आहे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिच्याकडं उतरून दवाखान्यात गेलो. तिथं एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या टोपासारख्या मशीनमध्ये तोंड घालायला लावलं. मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेला कुठं उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मशीन कुरकुरायला लागलं. एकदोनदा उजेड दिसला, मी दाबलं. मग नुसतीच कुरकुर. मी बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसले. शेवटी म्हटलं, "बाय, दिवे लागत नाहीत गो, मशीन बिघडलंय काय?"

मशीनवरची पोरगी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, टेस्ट झाली."

डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. दोन गोल, दोन्ही काळे, मध्ये जरासं पांढरं. मी विचारलं, "हे काळं म्हणजे काय?" म्हणाले, "ते गेलंय." मी म्हटलं, "औषधानं येईल?" म्हणाले, "नाही येणार." चांगला माणूस, खोटं बोलला नाही. त्या दिवशी मात्र मला तो कसाई वाटला.

रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "दुसऱ्याला दाखवू." कोल्हापूरला जाऊन दुसऱ्यालाही दाखवलं. त्यानंही तेच सांगितलं, फक्त एसीत बसून.

*

मग प्राचीकडंच मुक्काम पडला आणि थेंब सुरू झाले. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे, झोपतानाचे वेगळे. डोळ्यात घातले की घशात कडू उतरतं. माझा थेंब डोळ्यात न पडता गालावर जायचा, म्हणून थेंब घालायचं काम ह्यांनी घेतलं. मळलेल्या मातीनं भेगाळलेली ह्यांची बोटं, पण पापणी धरायचे ती फुलपाखरू धरल्यासारखी. हा हात एवढा हलका होईल असं सासऱ्यांना कधी वाटलं नसतं. ह्या सगळ्यात मला सुख म्हणावं असं तेवढंच मिळालं.

बाकी आम्ही भांडायचो. दर खेपेला दवाखान्यात हनुवटी मशीनच्या पट्टीवर ठेवायची, निळा उजेड डोळ्याला चिकटायचा आणि डॉक्टर प्रेशरचा आकडा सांगायचे. आकडा चढला की मी ह्यांच्यावर ओरडायचे आणि हे प्राचीवर. प्राची बिचारी कुणावर ओरडणार, ती भांडी आदळायची. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, डोक्यावरनं अंघोळ करायची नाही, गॅसजवळ जायचं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर हातानं काम केलं तिला सोफ्यावर बसवून ठेवली. प्राची कामावर गेली की आम्ही दोघं आणि तो टीव्ही.

*

प्राची कोरियन सिरीयली बघते म्हणून मी तिला आधी टोमणे मारायचे. रडायला परदेशात कशाला जायला हवं, आपल्याकडं काय कमी आहे? पण एका सकाळी ती म्हणाली, "आई, ही जुन्या काळातली आहे. राजाच्या पदरी असलेल्या चित्रकारांची. तुझ्यासाठी शोधून काढली." बोलणं कोरियनच, खाली हिंदीत ओळी. ती लावून देऊन ऑफिसला गेली.

पहिल्या पाच मिनिटांतच मी रडकुंडीला आले. माझ्या नजरेच्या उरलेल्या भोकात एका वेळी एकच काहीतरी मावत होतं. चेहरा बघितला की ओळ नाही. ओळ वाचायला खाली आले की वर कोण काय करतंय ते गेलं. "बंद करा ते," मी ह्यांना म्हटलं.

"थांब," हे म्हणाले. "ओळी मी वाचतो. तू माणसं बघ."

असं आमचं सुरू झालं. हे दहावीपर्यंत शिकलेले, हिंदी वाचायचे अडखळत आणि सांगायचे आमच्या बोलीत. त्यामुळं माझ्या कानाला कोरियाचा राजा देवरूखच्या बाजारातला वाटायचा. "राजा म्हणतोय, माझं चित्र धड काढलंत नाय तर एकेकाची मुंडकी उडवीन." राणी आली की म्हणायचे, "ही बया काय बोलतेय ता माझ्यानं सांगवत नाय, पण वाईट बोलतेय."

मला ती सिरीयल इतकी आवडली की दुपारच्या थेंबांची वेळ झाली तरी मी ह्यांना उठू द्यायचे नाही. ते चित्रकार जमिनीवर बसायचे, आमच्यासारखे. कागदाच्या कोपऱ्यांवर वजनं ठेवायचे. हिरवा दगड कुटायचा, वाटायचा, पाण्यात निवळवायचा, मग त्याचा रंग. एक पोरगी होती, म्हाताऱ्या गुरूच्या हाताखाली शिकणारी, ती कितीतरी भाग नुसता रंगच घोटत होती. मी म्हटलं, "बरोबर. असंच हवं." एकदा गुरू भुवईचा एकेक केस काढत होता आणि मी श्वास धरून बसले. हे घाबरून म्हणाले, "श्वास घे गो."

त्या चित्रकारांचं सरकारी खातं होतं. बढत्या, चुगल्या, खालच्याचं चित्र आपल्या नावावर खपवणारा वरचा साहेब. हे खूश. "अगदी आपलं तालुक्याचं हापिस," म्हणायचे. आणि मी पकडायचे ते हात. नट चेहऱ्यानं चित्र काढतोय असं दाखवायचे आणि जवळून हात दाखवला की तो हात दुसऱ्याच कुणाचा, खऱ्या चित्रकाराचा. मी म्हणायचे, "हा हात त्याचा नाही." हे म्हणायचे, "तुला हात दिसतात, मला राजाच्या बायका दिसतात. ज्याचं त्याचं नशीब."

त्या दुपारी मी आजारी आहे हे मी विसरायचे. सिरीयल थांबली की सगळं परत अंगावर यायचं.

*

पुढं राजाचं मोठं चित्र काढायचं ठरलं. ते काम म्हाताऱ्याला मिळालं. कपडे, सिंहासन, दाढी सगळं आधी, आणि डोळे शेवटी. मी सोफ्यावर सरसावून बसले. त्याच भागात म्हाताऱ्यानं हात लांब केला आणि पाण्याचं भांडं लवंडलं. खाली ओळ आली असणार. हे जरा थांबले.

"काय म्हणाला?"

"दारू प्यालाय," हे म्हणाले.

मी मानलं. कलाकार माणूस, पीत असेल. पण दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला आणि परत घेताना त्याचा तळवा चटईच्या काठाकाठानं सरकत गेला, ब्रश लागेपर्यंत. पोरीनं रंगाची वाटी जरा बाजूला ठेवली तर त्यानं तिच्या हातावर फटका मारला. त्याच सकाळी प्राचीनं माझा चहाचा कप हलवला होता आणि मी तिच्यावर अशीच वसकले होते. मला ओळ वाचायची काही गरज राहिली नाही. म्हातारा आंधळा होत होता.

मी ह्यांना म्हटलं, "फारच पितो वाटतं."

"हां ना," हे म्हणाले. "सवय वाईट."

त्यानंतर ह्यांची भलतीच तारांबळ सुरू झाली. एक खोटं सावरायला रोज नवीन गोष्ट रचायची. वैद्यानं म्हाताऱ्याची नाडी बघितली तर, "दारू सोड म्हणतोय." म्हातारा दिव्यासमोर स्वतःचा पंजा हलवून बघायला लागला तर हे म्हणाले, "उतरली काय ता बघतोय." पोरगी दाराआड रडत होती तर म्हणे तिला घरची आठवण आली. बोलणं चालायचं भरपूर आणि ह्यांचं सांगणं दोन शब्दांत संपायचं. मी पदरानं डोळे टिपायचे आणि थेंब झोंबले म्हणायचे. प्राची आत्ता टाइप करताना शपथेवर सांगते की तिनं ती सिरीयल पुढपर्यंत बघितलीच नव्हती, नाहीतर लावलीच नसती.

मी ह्यांना तोंडावर का विचारलं नाही? विचारलं असतं तर मग आम्हा दोघांना लपायला जागाच उरली नसती.

*

त्याच सुमाराला डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन केलेल्या डोळ्याचं प्रेशर परत चढलंय आणि दुसराही त्याच वाटेनं चाललाय. "उरलेलं किती दिवस?" मी विचारलं. म्हणाले, सांगता येणार नाही. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यावरच बसले आणि उठेना. लोक बाजूनं चढत उतरत होते, मला त्यांचे पायही नीट दिसत नव्हते. धीर धरा, देव आहे, असं पुष्कळांनी सांगितलं. त्या देवाचे डोळे मी काढत आले, इतकी वर्षं, उपाशीपोटी. त्याला माझे दोन सांभाळता आले नाहीत. हे बोलू नये असं प्राची म्हणते. मी बोलणार. ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्या मनात हे येतं, आणि आलं म्हणून आपण वाईट ठरत नाही.

आषाढ लागला तसे गावाकडून फोन यायला लागले. पाट कधी आणू? मला वाटलं हे नाही म्हणतील. एकदा हे गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत होते ते मी ऐकलं. "आण. ठेव."

"कुणाचा पाट घेतलात?" मी विचारलं.

"सगळ्यांचे."

"आणि आखणार कोण?"

"तू."

"मी? माझी टेस्ट बघितलीत ना तुम्ही? काळे गोल बघितलेत ना?"

"तोवर उतरेल प्रेशर," हे म्हणाले. "बापूनंही पाट पाठवलंन. म्हणाला, वयनीलाच सांग."

मी हातातला रिमोट भिंतीवर फेकला. तो भिंतीला न लागता दाराबाहेर गेला, एवढा माझा नेम. हे मुकाट्यानं उठले, घेऊन आले, त्याला सेलोटेप लावली.

*

शेवटचा भाग आम्ही गावी जायच्या आदल्या दुपारी बघितला. राजाचं चित्र उभं होतं, डोळे कोरे. म्हातारा आणि पोरगी दोघंच खोलीत. म्हातारा काहीतरी बराच वेळ बोलला. मग जवळून हात दाखवला, रेघ ओढणारा. कोवळा हात, नखात शाई. पोरीचा. म्हातारा तिच्या बाजूला बसला होता आणि त्याचं तोंड चित्राकडं नव्हतंच, खिडकीकडं होतं.

"काय म्हणाला हो तो एवढं?"

ह्यांचा आवाज आला, "बरा झाला म्हातारा. दारू सोडलीन. राजाचे डोळे काढलेन, त्यानंच."

मी मान वळवली. पडद्यावरून नजर काढली आणि ह्यांच्याकडं नेली, ह्यांचा चेहरा भोकात बसेपर्यंत हळूहळू. हे वाचतच नव्हते. पडद्याकडं बघतही नव्हते. मांडीवरच्या टॉवेलकडं बघून बोलत होते आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली चाललं होतं. आपल्याला कुणी बघत नाही अशी त्यांची खात्री होती.

"चांगलं झालं," मी म्हटलं.

*

प्रेशर उतरलं नाही. श्रावणात मी ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला. रेघेचं टोक धरलं की बुड जात होतं. शाळेत ओळीनं गणपती उभे, अंगावर पितांबर, गळ्यात माळा, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. पेणहून तयार मूर्ती आणून पाटांवर ठेवाव्यात असं दीर फोनवर म्हणाले. ह्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून आले, चहासुद्धा घेतला नाही. बापूचा पाट पहिला ओढला. माझा बारीक ब्रश उचलला आणि खाली बसले. मला शेजारी बसवलं. आमच्या नियमाप्रमाणं कुणी बोललं नाही. मला ह्यांचं मनगट दिसलं तर मूर्ती दिसेना, मूर्ती दिसली तर मनगट दिसेना, म्हणून मी डोळे मिटले आणि ह्यांचा श्वास ऐकत बसले. थेंब घालताना श्वास धरायचे तसाच आत्ताही धरत होते.

बऱ्याच वेळानं ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज आला. मग ह्यांनी विचारलं, "बघ गो. बसली काय नजर?"

मी बघितलं. डावा डोळा बघितला. रेघ जरा जाड, पण चालण्यासारखी. मग नजर सरकवली आणि उजवा बघितला. तोही चालण्यासारखा. परत डाव्यावर आले. नजर बसली की नाही हे दोन्ही डोळे एकदम दिसले तरच कळतं. ते ह्यांना माहीत आहे, सासऱ्यांनी आम्हाला दोघांनाही सांगितलं होतं.

"बसली," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. बापूकडंच बघतोय."

 ह्यांनी ब्रश पुसला आणि पुढचा पाट ओढला.